यादीतली दुसरी मराठी

आरमोरी,
दि. ११ सप्टेंबर २०२५, गुरुवार

प्रिय बेटी इकरा,

तुझ्या अब्बाचा सलाम आणि खूप खूप दुआ. आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरी आहेस, हे तुझ्या अम्मीकडून कळतं. तू माझ्याशी बोलत नाहीस त्याला आता साडेतीन महिने होतील.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला आश्चर्य वाटेल. पत्र म्हणून मी शेवटचं कधी लिहिलं ते मलाही आठवत नाही. घरात आपण हिंदीत बोलतो, पण लिहायला बसलो की झेडपीच्या शाळेतली मराठीच हाताला येते. फोन लावणार होतो. पण फोनवर माझा आवाज चढतो, हे तुला माहीत आहे. आता मलाही माहीत झालं आहे.

इकडे पाऊस चांगला आहे. धानाची रोवणी वेळेवर झाली, सगळीकडे बांध्या हिरव्या दिसतात. मागच्या महिन्यात वैनगंगेला पूर आला तेव्हा गडचिरोलीचा रस्ता दोन दिवस बंद होता. अम्मीचा गुडघा तसाच आहे, तेल लावते आणि तुझ्याशी बोलताना मुद्दाम सांगत नाही. गफ्फारमामूने दुकानाला नवीन रंग दिला, असला पोपटी की बस स्टँडवरून दिसतो. शेजारच्या इंदुताई रोज विचारतात, "इकराचा फोन आल्ता का?" मी "हो" म्हणतो. अम्मीला आला म्हणजे घरात आलाच, असं धरून चालतो.

दुकानात डिशची कामं कमी झाली. आता लोक नेटवाले टीव्ही घेतात आणि मग माझ्याकडे येतात. "रईसभाऊ, पिक्चर तेलुगूत बोलून राह्यला, काय करू?" सिनेमा चालू असताना रिमोटची खालची कळ दाबायची, ऑडिओत जायचं, भाषा निवडायची, दोन मिनिटांचं काम आहे, पण लोकांना जमत नाही. परवा एक गुरुजी आले. म्हणे, आठ दिवस झाले, घरी सगळे सिनेमे तमिळमध्ये पाहून राह्यलो, आता थोडं थोडं समजायला लागलं. मी त्यांच्या घरी जाऊन मराठी लावून दिली तर त्यांच्या घरच्यांनी मला जेवूनच जाऊ दिलं. आरमोरीत आणि आसपासच्या पंधरा गावांत कोणाच्या टीव्हीने कोणत्या भाषेत बोलायचं, हे तुझा अब्बा ठरवतो. हा गर्व मला होता. होता, असं लिहितो आहे, ते का, ते पुढे येईल.

त्या रविवारचं लिहायचं आहे. २५ मेचं.

तुझा फोन त्याच्या आदल्या बुधवारी आला. "अब्बा, सिनेमा आला. त्यात माझा आवाज आहे, पूर्ण दोन तास." मी दुकानातच होतो. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं, थांब जरा, आणि बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. तुला खरं सांगतो, तोपर्यंत मी आरमोरीत कोणालाच सांगितलं नव्हतं की तू आवाजाचं काम करतेस. पाच वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, पोरगी पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. मशिदीतून निघताना कोणी विचारलं तरी हेच. तू ईदला यायचीस आणि कोणी कंपनीचं नाव विचारलं की माझ्याकडे पाहायचीस. एकदाही तू मला खोटं पाडलं नाहीस.

पण पूर्ण दोन तास म्हटल्यावर मला राहवेना. मी सगळ्यांना बोलावलं. गफ्फारमामू आणि त्यांचं घर, इंदुताई, मशिदीच्या जमातचे सदर साहेब, शाळेत तुला मराठी शिकवणाऱ्या बाई, अकरा माणसं. अम्मीने शीरखुर्मा केला, ईद नसताना. दुकानातला सगळ्यांत मोठा टीव्ही मी घरी आणून भिंतीवर चढवला.

सिनेमा खेड्यातल्या एका नर्सचा, लागला तो हिंदीत. मी ऐटीत रिमोट घेतला आणि सगळ्यांसमोर मराठी लावली. पहिली बाई बोलली. ती तू नव्हतीस. दुसरी बोलली. तीही नव्हतीस. नर्सची आई, सरपंचाची बायको, दवाखान्यातली पेशंट, एकेक बाई तोंड उघडायची आणि सगळे माझ्याकडे वळून पाहायचे, आणि मी मान हलवायचो, नाही, ही नाही. अर्ध्या तासाने वळून पाहणंही बंद झालं. सदर साहेब मध्येच नमाजचं निमित्त करून उठले. मी परत हिंदी लावून पाहिली, न जाणो तू हिंदीत बोलली असशील. नव्हतीस. सिनेमा संपला, पाट्या वर सरकत होत्या, आणि गफ्फारमामू हसत हसत म्हणाला, "स्टुडिओत चहा पाजण्याचं काम असेल, भाईजान. तेही कामच आहे."

सगळे हसले. वाईट मनाने हसले नाहीत, हे मला आज कळतं.

मी तुला तिथेच फोन लावला, स्पीकरवर. मी काय बोललो ते तुला पाठ असेल. मला तर आहेच. "झूठ बोलना था तो छोटा बोलती. दो घंटे बोली, यहां दो लफ्ज नहीं निकले." तू म्हणालीस, "अब्बा, एक मिनट, खालचं..." आणि मी फोन कापला.

तू कोणतं खालचं म्हणत होतीस ते मला कळलं नाही, असं मी तीन महिने स्वतःला समजावत होतो. ते खरं नाही. बुधवारी तू मला सांगितलं होतंस, "ऑडिओत मराठी दोनदा दिसेल, खालचं लावा." मी म्हणालो, "तू मला ऑडिओ शिकवणार का?" आणि कोणाकोणाला बोलावतो ते सांगत सुटलो. यादी पडद्याच्या खाली आणखी सरकते, तेलुगूच्या खाली अजून काही आहे, हे मी पाहिलंच नाही. ज्याचा धंदा हा, त्यानेच पाहिलं नाही.

बकरीदला तू आली नाहीस. अम्मीने तुझं ताट वाढलं आणि मग उचललं.

आता पळसटोल्याची गोष्ट.

पोळा झाला त्याच्या दोन दिवसांनी पुनमचा फोन आला, वारलूकाकांच्या सुनेचा. त्यांच्या टीव्हीवर नेट अडकत होतं. पावसाने रस्ता खराब, तरी मी मोटारसायकल काढली. वारलू एवढा जुना दोस्त, पण त्याच्याकडे जाऊन बरेच दिवस झाले होते. दुपारची दोनची वेळ असेल. गाडी झाडाखाली लावली आणि कुंपणाजवळ आलो, तर घरातून तुझा आवाज आला.

"बाई अंगणात येते. चपला काढते. हातातली पिशवी खाली ठेवत नाही."

इकरा, मी तिथेच उभा राहिलो. मला वाटलं, तू आली आहेस. आरमोरीत आपल्या घरी न येता सरळ वारलूकाकाच्या घरी आली आहेस आणि आत बसून त्याला काहीतरी सांगते आहेस.  पहिला राग आला, आणि राग आला त्याच वेळी असं वाटलं की, चला, जवळ तर आली. काय बोलायचं ते मनात जुळवत मी दारात गेलो.

आत वारलू एकटा बाजेवर बसला होता, टीव्हीकडे तोंड करून. टीव्हीवर तीच नर्सबाई, तेच अंगण. आणि बोलत होतीस तू.

"कोण? रईस होय ना? तुह्या गाडीचा आवाज वळखला म्या," वारलू म्हणाला. "बस गा. बोलू नको आता. तिचा बाप येते."

मी बसलो. बाप आला, नर्सशी बोलला, तेव्हा तू गप्प होतीस. तो थांबला तशी तू बोललीस, दोनच वाक्यं, आणि परत गप्प. त्यांच्या बोलण्यावर तुझा एकही शब्द पडत नव्हता.

"वारलू," मी म्हणालो, "ही इकरा आहे?"

"मंग कोण? तुले माहीत नाई?"

"पण ती... कोणाचं काम करते यात?"

"कोनाचंच नाई. थे मले सांगते. कोन आलं, कोन गेलं, कोनाच्या तोंडावर काय हाये. आंधळ्या मानसाले दिसत नाई ना गा, तं त्याच्यासाठी हे येगळं लावाचं रायते. पुनमले तिनंच फोनवर सांगलं, वहिनी, मराठी दोनदा दिसते, खालची लावा. दोन महिने झाले, पाहून राह्यलो. हा सहाव्यांदा."

पाहून राह्यलो, असंच म्हणाला तो.

मी रिमोट घेतला आणि ऑडिओची यादी काढली. हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू. खाली सरकलो. मराठी, वर्णनासह. इतकी साधी गोष्ट, बेटी. अंगठ्याने एकदा आणखी दाबायचं होतं.

वारलूला मी मेमधलं काही सांगितलं नाही. त्याला वाटत होतं, आपल्या घरी आम्ही हे कधीचंच ऐकलं असेल. त्याने सिनेमा पहिल्यापासून लावायला सांगितला, "आता तू आला तं दोघंही पाहू." नेट दुरुस्त करायचं राहिलंच. ते अडकायचं तेव्हा तो बोलायचा.

त्याने तू नऊ वर्षांची असतानाची गोष्ट काढली. तुला किती आठवतं मला ठाऊक नाही. जंगलात मोहाची फुलं वेचायला गेला असताना त्याला अस्वलाने धरलं, तोंड फाडलं, दोन्ही डोळे गेले. नागपूरच्या दवाखान्यातून सोडलं तरी रोज पट्टी बदलायची होती, आणि पळसटोल्याहून रोज येणं होत नव्हतं, म्हणून तो दीड महिना आपल्या घरी राहिला. तो कोणाशी बोलायचा नाही. जेवायचा नाही. आपण टीव्ही लावला की भिंतीकडे तोंड करायचा. मी तर टीव्ही बंदच करून टाकला होता, त्याच्या जिवाला लागतं म्हणून. तूच लावलास. आणि त्याच्या बाजेवर जाऊन बसलीस.

"पयले तं लय बोले पोरगी," वारलू म्हणाला. "तोंडाले खंडच नाई. मी म्हनलं, पोरी, थे काय बोलतेत तेबी आयकू दे मले. थे थांबले का मंग सांग. अन् सबन नको सांगू, कामाचंच सांग. मंग जमाले लागलं तिले. एखाद्या दिवशी मले वाटे, माह्ये डोळे गेलेच नाई."

नेट परत अडकलं तेव्हा म्हणाला, "फोनवर मले म्हने, काका, हे काम मी तुमच्या बाजेवर बसून शिकली."

हे मला माहीत नव्हतं. तू काम कुठे शिकलीस हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं.

मग तो बसचा प्रसंग आला. नर्स घर सोडून जाते, बाप तिच्याकडे पाठ करून अंगणात बसलेला. मेमध्ये मी हे पाहिलं होतं, म्हणजे टीव्हीसमोर बसलो होतो. तेव्हा मला दिसला तो एक हट्टी म्हातारा. त्या दिवशी पळसटोल्यात तू म्हणालीस, "बाप पाठ फिरवून बसलाय. बस सुरू होते. तो उठतो. बस वळणाआड जाते. आता तो हात वर करतो."

'आता' हा एक शब्द तू असा उच्चारलास की मला तो हात पहिल्यांदा दिसला. माझे डोळे शाबूत आहेत, चष्माही नवीन आहे, आणि मला दिसला नव्हता.

"रडून राह्यला का गा?" वारलूने विचारलं.

"नाही."

"मंग नाक काऊन ओढते?"

मी घरी आलो आणि अम्मीला हात धरून टीव्हीसमोर बसवलं. गफ्फारमामूलाही बोलावलं. दुसरी मराठी लावली. दहा मिनिटं झाली असतील, मामूने टोपी काढून मांडीवर ठेवली. सिनेमा संपला तेव्हा उठला आणि म्हणाला, "भाईजान, चहाचं मी बोललो ते..."  मी म्हटलं, तुझं राहू दे, माझं त्याहून मोठं आहे.  अम्मी डोळे मिटून ऐकत होती. नंतर म्हणाली, "मेरी बच्ची की मराठी सुनी? शाळेच्या बाईंपेक्षा साफ."

तुझ्या बाईंनाही मी सांगून आलो. त्यांनी आधी ऐकलं आणि मग मला म्हणाल्या, "रईसभाई, एक शब्द जास्त नाही आणि एक कमी नाही. हे मी नाही शिकवलं हो तिला." मी म्हटलं, पळसटोल्याचा वारलू म्हणून एक मास्तर आहे, त्याने शिकवलं.

आता खरी बातमी सांगतो. ३ तारखेला, बुधवारी, पळसटोल्याच्या गणपती मंडळाने तुझा सिनेमा लावला. वारलूने पोरांच्या मागे लागून ठरवलं. मांडवात मोठा टीव्ही हवा होता, तो मी दुकानातला नेला, छोट्या टेम्पोत गाद्या टाकून, स्वतः मागे धरून बसलो. दुपारी तीनला सुरू केला. आजूबाजूच्या गावांतून पाच दृष्टिहीन माणसं आणली होती. वारलू तर होताच. बुधूआजा, ज्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूत गेले. बाकीच्यांत एक इतवारी नावाची बाई होती, चाळिशीची, जन्मापासून दिसत नाही. भावाने सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणलं तिला. बाकी दीडशे माणसं डोळस होती. मी सांगितलं, ज्याला वाटेल त्याने डोळे मिटून पाहा. पोरं आधी खिदळली. मग एकेक मिटत गेला.

सिनेमात ती जागा आहे ना, सरपंच भाषण करतो आणि मागे बकरी त्याच्या गळ्यातला हार खाते? बकरीबद्दल कोणी काही बोलत नाही, तो दम घेतो तेवढ्यात सांगणारी तूच. तू बकरीचं सांगितलंस आणि सगळा मांडव हसला. इतवारीही हसली, सगळ्यांच्या बरोबर. संपल्यावर तिने मला शोधलं. कोणीतरी सांगितलं होतं तिला, टीव्हीवाला तो हाच.

"भाऊ, हे सांगनारी कोन व्हय?"

मी म्हटलं, "माझी पोरगी."

ती म्हणाली, "आजवर लोकं हासले का मले समजे, इथं हासाचं होतं. मंग मी मांगून हासो. आज म्या संगं हासली."

इकरा, मंडळाचा माइक तिथेच पडला होता. आयुष्यात मी कधी माइकवर बोललो नाही. मी तो उचलला. सांगितलं, हा आवाज माझ्या मुलीचा आहे. इकरा रईस शेख, आरमोरीची. ती पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत नाही. ती सिनेमात आवाजाचं काम करते, लिहितेही तीच, बोलतेही तीच. दोन वाक्यांच्या मधली जागा मोजून त्यात शब्द बसवते. पाच वर्षं मी लोकांना खोटं सांगितलं, ते आज या मांडवात परत घेतो.  पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि वारलू ओरडला, "अन् माही चेली हाये म्हनून सांग ना बे!" तेही सांगितलं.

तेव्हापासून चार गावांतून बोलावणं आलं. मी जातो. कोणाच्या घरी म्हातारं माणूस खाटेवर असलं, दिसत नसलं, की मी आपणहून त्यांच्या टीव्हीत पाहतो, कोणत्या सिनेमाला वर्णन आहे. सगळ्यांना नसतं. ज्याला असतं तो लावून देतो. आणि पुनमसारखं एका तरी सुनेला, नातवाला खालपर्यंत सरकायला शिकवून येतो.

इथे पत्र संपवलं असतं तर बरं झालं असतं. अम्मी काल म्हणाली होती, एवढं लिही, पोरगी खुश होईल. पण आणखी एक आहे. ते लिहिल्यावर तू खुश होशील की नाही, मला सांगता येत नाही.

२०१९ साली पावसाळ्यात तू नागपूरला जाऊन आवाजाची परीक्षा दिली होतीस. पहिली. तुझ्याकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून फॉर्मवर माझा नंबर लिहिला होतास. मग दीड महिना तू वाट पाहिलीस. माझा फोन वाजला की स्वयंपाकघरातून बाहेर यायचीस, ओढणीला हात पुसत. शेवटी एक दिवस तू मला विचारलंस, "अब्बा, माझा आवाज चांगला नाही ना?" मी म्हणालो, "आवाजात काय ठेवलंय? बी.एड. कर."

फोन आला होता, बेटी. नवव्याच दिवशी आला होता. एक बाई बोलल्या. म्हणाल्या, इकरा पास झाली आहे, पहिल्या तिघांत आहे, सोमवारपर्यंत कळवा. मी म्हणालो, "ती येणार नाही. तिचं लग्न ठरलंय." तेव्हा कुठे ठरलं होतं तुझं लग्न?

मी हे का केलं, याचं कारण मी पुष्कळ शोधलं. परक्या शहरात एकटी मुलगी, लोक काय म्हणतील, हे सगळं मी स्वतःला सांगितलं होतं. पण ती बाई फोनवर म्हणाली होती, "तुमच्या मुलीच्या आवाजात काहीतरी आहे, ती तुमच्याकडे राहणार नाही." चांगल्या मनाने म्हणाली. आणि मला तेच सहन झालं नाही. तू राहणार नाहीस, हे.

तू एक वर्ष स्वतःला नापास समजलीस. घरात गुणगुणायचंही सोडलंस. ते मी रोज पाहिलं आणि गप्प राहिलो. पुढच्या वर्षी तू शिकवणी घेऊन स्वतःचा फोन घेतलास, परत परीक्षा दिलीस आणि मला न विचारता गेलीस. जे मिळवलंस ते माझ्यामुळे नाही. मी अडवून उभा असताना मिळवलंस. लोक आता मला म्हणतात, रईसभाऊ, पोरीले चांगलं घडवलं. मी त्यांना काही बोलत नाही, आणि दरवेळी ते एक वर्ष आठवतं.

मेमध्ये मी तुला सगळ्यांसमोर खोटी म्हणालो. आपल्या घरात सहा वर्षं खोटं कोण बोलत होतं, ते आता तुला कळलं. अम्मीला हे मी आज सकाळीच सांगितलं. तिने डबा भरून दिला, पण तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. तिचंही बरोबर आहे.

मी पुण्याला यायचं म्हणतो. २० तारखेला, शनिवारी. आरमोरीहून सकाळच्या एसटीने नागपूर, तिथून गाडी. तोंडाने माफी मागायची आहे, कागदावर नाही. पण तू नको म्हणालीस तर येणार नाही. तसं अम्मीला सांग. तिच्याकडून मला कळेल, आणि मी का म्हणून विचारणार नाही. हवं तर रागाने दोन वर्षं बोलू नकोस. मी तुझं एक वर्ष घेतलं, त्यापुढे हे जास्त नाही. पण ये म्हणालीस, तर मला एकदा तो स्टुडिओ बाहेरून दाखव. आत नाही आलो तरी चालेल. आरमोरीत परत जाऊन लोकांना सांगायचं आहे की मी तिथे उभा होतो.

जवाबाची घाई नाही, असं लिहिणार होतो. पण या पत्रात आणखी एक खोटं नको.

तुझा गुन्हेगार, आणि तरीही तुझं नाव घेऊन पंधरा गावांत छाती काढून हिंडणारा,

तुझा अब्बा,
रईस